३०६० बारा जीबी की ४०६० आठ जीबी? घरांचे रेंडर करायचेत

चौकट

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहते आणि घरांचे थ्रीडी व्ह्यू करून देते. कामं बहुतेक गंगापूर रोडकडच्या बंगल्यांची आणि दिंडोरी रस्त्यावरच्या फार्महाऊसची. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, त्यातलं चित्र तयार करणारं (रेंडर करणारं) सायकल्स वापरून. सध्याचं ग्राफिक्स कार्ड १६५० आहे, चार जीबीचं. मागच्या आठवड्यात एका फार्महाऊसच्या अंगणात गवत आणि नऊ आंब्याची झाडं लावली, तर रेंडर सुरूच होईना. मेमरी संपली म्हणे. शेवटी प्रोसेसरवर रात्रभर लावून ठेवलं, पहाटे चारला वीज गेली आणि सगळं वाया. सकाळी ग्राहकाला फोन करून दोन दिवस मागून घेतले.

आता दोन कार्डांपाशी येऊन अडले आहे.

नवं आरटीएक्स ४०६०, आठ जीबी. दुकानात २९,५०० सांगितले.

वापरलेलं आरटीएक्स ३०६०, बारा जीबी. मावसभावाच्या मित्राचं, अडीच वर्षं वापरलेलं, १७,००० ला देतोय.

बाकी मशीन: रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, ३२ जीबी रॅम, ५५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). रात्री माझा धाकटा भाऊ त्याच मशीनवर गेम खेळतो. त्याचं मत अर्थातच ४०६०.

मला न उलगडलेली गोष्ट ही, की नवं कार्ड दोन वर्षांनी आलं आणि वेगवानही आहे म्हणतात, तर त्याची मेमरी जुन्यापेक्षा कमी कशी? आणि माझ्या कामाला कुठलं बरं?

तर्रीबाज

४०६०. वॉरंटी मिळते, वीज कमी खातं, डीएलएसएस ३ चं फ्रेम जनरेशन आहे, म्हणजे गेममध्ये मधले फ्रेम कार्ड स्वतः बनवून घालतं. जुन्या पिढीच्या कार्डात आता पैसे घालू नका.

मनमाड_जंक्शन

३०६०. बारा म्हणजे बारा. आठ जीबीत आजचेच काही गेम मावत नाहीत, पुढच्या दोन वर्षांचं काय घेऊन बसलात?

सातपूरकर

दोघांनी निकाल लावून टाकला, आता आकडे बघू.

३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, ४०६० जून २०२३ मध्ये. ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोअर (गणित करणारी छोटी एककं) आहेत, ४०६० मध्ये ३०७२. म्हणजे नव्यात कोअर कमीच. पण जुनी चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरवरची, तिचा बूस्ट, म्हणजे भार असतानाचा वेग, १७७७ मेगाहर्ट्झ. नवी टीएसएमसीने बनवलेली, तिचा बूस्ट २४६०. कोअर, वेग आणि दर फेरीला दोन क्रिया असा गुणाकार केला की जुन्याचे १२.७ टेराफ्लॉप (सेकंदाला लाख कोटी क्रिया म्हणजे एक टेराफ्लॉप) येतात, नव्याचे १५.१. जवळपास एकोणीस टक्के जास्त. १०८० पी वर गेममध्येही साधारण तेवढाच फरक दिसतो.

आता ताईंचा मेमरीचा प्रश्न. मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटांच्या वाटेने जोडलेली असते. ३०६० ची वाट १९२ बिटांची, म्हणजे सहा चिपा. एकेक जीबीच्या लावल्या तर सहा जीबी, दोन-दोनच्या लावल्या तर बारा. मधलं आठ त्या रुंदीत बसतच नाही. सहा अगदीच कमी पडले असते, म्हणून बारा. ४०६० ची वाट १२८ बिटांची. चार चिपा, दोन-दोन जीबीच्या, झाले आठ.

वाट अरुंद झाली की मालही कमी जातो. ३०६० सेकंदाला ३६० जीबी हलवतं, ४०६० फक्त २७२.

मनमाड_जंक्शन

म्हणजे नव्या कार्डात कोअर कमी, मेमरी कमी, वाट अरुंद. ३०६० वर १०६ क्रमांकाची चिप होती, ४०६० वर १०७, म्हणजे एक पायरी खालची. मागच्या पिढीत १०७ क्रमांकाची चिप लॅपटॉपच्या ३०५० मध्ये असायची. पाटी साठची, माल पन्नासचा. असं माझं स्पष्ट मत.

द्राक्षबाग

दादा, मत राहू द्या तुमचं, पण फक्त वाटेची रुंदी बघून चालत नाही. आमच्याकडे निफाडला सीझनमध्ये पॅकहाऊस चालतं, तिथलं सांगतो. बागेतून येणारे ट्रॅक्टर कमी असले तरी हाताशी मोठी प्रीकूलिंगची खोली असेल तर पॅकिंगच्या टेबलावरच्या बायांचे हात थांबत नाहीत. खोली लहान असेल तर दर दहा मिनिटांनी ट्रॅक्टरची वाट बघत बसा.

कार्डातली ती खोली म्हणजे एल२ कॅश. ३०६० मध्ये ती ३ एमबी आहे, ४०६० मध्ये २४ एमबी. आठपट! पुन्हापुन्हा लागणारा माल चिपमध्येच सापडतो, मेमरीपर्यंत जायची वेळ कमी येते. म्हणून २७२ मध्येही भागतं.

पण एक खरं. खोली मोठी असली तरी तिच्यामुळे बाग मोठी होत नाही. आठ जीबीत जे मावत नाही ते कॅशनेही मावणार नाही.

सातपूरकर

व्वा, हे आमच्या ऑफिसातल्या नव्या पोरांना असंच सांगणार.

सेवानिवृत्त_ओझर

मी वीजवाला माणूस, त्यामुळे माझं लक्ष वॉटवर. ३०६० ला १७० वॉट, ४०६० ला ११५. फरक ५५ वॉटचा. रोज चार तास पूर्ण भार धरला तर महिन्याला साडेसहा युनिटच्या आसपास. बिलात फार मोठा फरक नाही, त्यासाठी साडेबारा हजार जास्त मोजू नयेत.

मला काळजी यूपीएसची. चौकट, तुमच्याकडे यूपीएस आहे का? पहाटे वीज गेली आणि रेंडर गेलं म्हणता, म्हणून विचारतो. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच्या आसपास भार घेतो. १७० चं कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून तो काठावर येईल.

चौकट

काका, ६०० व्हीएचाच आहे आणि त्याची बॅटरी दोन मिनिटं टिकते. रेंडर चालू असताना एकच मिनिट.

सेवानिवृत्त_ओझर

मग कार्डाआधी ती बॅटरी बदला. मनापासून सांगतो.

पाटी_पेन्सिल

मी शिक्षिका आहे, कार्डातलं मला काही कळत नाही, पण घरी मुलाने याच दोन कार्डांचा हट्ट धरलाय म्हणून धागा वाचतेय. एक विचारू का? तो म्हणतो एक अँपिअर आहे आणि दुसरं एडा. ही काय भानगड?

सातपूरकर

पिढ्यांची नावं आहेत, मॅडम. ३० मालिकेला अँपिअर हे नाव, विद्युतप्रवाहाचं एकक ज्यांच्या नावाने आहे ते फ्रेंच शास्त्रज्ञ. ४० मालिकेला एडा लव्हलेस. बॅबेज या इंग्लिश गणितज्ञाच्या ॲनालिटिकल इंजिन या गणकयंत्रावर तिने १८४३ मध्ये टिपा प्रसिद्ध केल्या, त्यात बर्नुली संख्या यंत्राकडून कशा काढून घ्यायच्या ते पायरीपायरीने लिहिलंय. पहिली प्रोग्रामर म्हणून तिचं नाव घेतात.

पाटी_पेन्सिल

किती छान! उद्या आठवीच्या वर्गात हेच सांगणार. मुलगा म्हणतोय, "बघ आई, बाईच्या नावाचं आहे, तेच घे."

तर्रीबाज

मुलगा वकील होणार, लिहून घ्या.

पिक्सेल_नाशिकरोड

उशिरा आलो, पण माझ्याकडे दोन्ही कार्डं आहेत. घरच्या मशीनवर ३०६०, स्टुडिओत ४०६०. काम तेच, इंटिरियरचे व्ह्यू. चौकट ताई, गेमचे आकडे तुमच्या कामाला तंतोतंत लावू नका. सीन मेमरीत मावत असेल तर ब्लेंडरमध्ये ४०६० गेमपेक्षाही जास्त पुढे जातं, कारण किरणांचं गणित करणारे त्याचे कोअर पुढच्या पिढीचे आहेत. माझ्या एका दिवाणखान्याच्या सीनला ३०६० वर सहा मिनिटं पन्नास सेकंद लागतात, ४०६० वर पाच मिनिटं पाच.

पण "मावत असेल तर" या तीन शब्दांवर सगळं उभं आहे. सीन मावला नाही तर ब्लेंडर टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) मशीनच्या रॅममध्ये ठेवून काम रेटतं. तेही जमलं नाही तर तुम्हाला आला तसा मेमरी संपल्याचा निरोप देऊन थांबतं. रॅममधून काम चाललं की वेगाचं काय होतं ते मी भोगलंय.

आणि तुमच्या बी४५० बोर्डामुळे यात आणखी एक गाठ आहे. त्याचा स्लॉट पीसीआयई ३.० चा. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातली वाट, लेन म्हणजे तिच्यातल्या मार्गिका. ३०६० सोळा लेन वापरतं, ४०६० आठच. ४.० च्या बोर्डावर आठ लेनमधून सेकंदाला सुमारे १६ जीबी जातात, ३.० वर त्याच्या निम्मे, आठच्या आसपास. एरवी हे जाणवणारही नाही. पण मेमरी भरून वाहायला लागली की रॅममधला माल याच आठ लेनमधून आणायचा असतो. म्हणजे ज्या कार्डाची मेमरी आधी भरणार, त्याचीच मागची वाट तुमच्या बोर्डावर अरुंद. दोन्ही अडचणी एकाच वेळी अंगावर येतात.

चौकट

हे कुणीच सांगितलं नव्हतं. दुकानात तर "कुठल्याही बोर्डावर चालतं" एवढंच ऐकलं.

तर्रीबाज

चालतं हे खरंच आहे. पण पिक्सेल दादांचा मुद्दा मान्य, मी फक्त गेम डोळ्यासमोर ठेवून बोललो होतो.

रात्रपाळी

मीच तो धाकटा भाऊ. खातं आत्ताच उघडलं.

ताई, मला फक्त ४०६० च पाहिजे असं नाही. पण माझीही बाजू ऐका सगळ्यांनी. माझा मॉनिटर १०८० पी चा आहे, तिथे आठ जीबी मला बऱ्याच गेमना पुरतात. फ्रेम जनरेशनने साठचे शंभर फ्रेम दिसतात. ३०६० वर ते मिळणारच नाही.

मनमाड_जंक्शन

ये बाळा, बस. दिसतात शंभर, पण तुझ्या माऊसला उत्तर मिळतं ते मूळ साठच्याच हिशोबाने, थोडं उशिराच. मधला फ्रेम कार्डाने स्वतः बनवून घुसवलेला असतो. मूळचेच तीस असतील तर चित्र गुळगुळीत दिसतं पण हाताला जड लागतं. शिवाय एएमडीचं एफएसआर ३ फ्रेम जनरेशन ज्या गेममध्ये दिलंय, तिथे ते ३०६० वरही चालतं.

रात्रपाळी

एफएसआर ३ चं माहीत नव्हतं. बघतो.

गोदाकाठ

दोन्ही सोडा, ४०६० टीआय १६ जीबी घ्या! किंवा एएमडीचं ७६००.

सातपूरकर

टीआय सोळा जीबीची वाटही १२८ बिटांचीच, फक्त चिपा कार्डाच्या दोन्ही बाजूंना लावून सोळा केलेत. ताईंच्या कामाला उत्तम, पण किंमत वरच्या वर्गातली. ७६०० गेमला चांगलं, पण आठच जीबी. शिवाय ब्लेंडरमध्ये एनव्हिडियाचं ऑप्टिक्स (किरणांचं गणित कार्डावर करून घेणारी प्रणाली) अजून पुढे आहे. ताईंचा प्रश्न त्याने सुटत नाही.

द्राक्षबाग

वापरलेलं कार्ड घेताना काय बघायचं तेही कुणीतरी लिहा. एथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं रात्रंदिवस चालवून चलन मिळवणं) सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडलं तेव्हा ढिगाने कार्डं बाजारात आली होती. त्यातलंच हे नसेल कशावरून?

पिक्सेल_नाशिकरोड

मायनिंगचं असलं म्हणून कार्ड वाया गेलेलं असतंच असं नाही. पंखे झिजलेले असतात, पेस्ट वाळलेली असते. मी घेतलं तेव्हा हे केलं होतं:

कार्ड त्याच्या मशीनवर चालू असतानाच बघायचं, पिशवीतून आणलेलं घ्यायचं नाही. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून मेमरी १२ जीबी आणि बस (मेमरीची वाट) १९२ बिट आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. हे महत्त्वाचं, कारण ३०६० या नावानेच ८ जीबीचं, १२८ बिटांचं कार्डही नंतर आलं आणि खोक्यावर पटकन कळत नाही. त्याची मेमरी सेकंदाला २४० जीबीनेच चालते. मग कार्डावर पूर्ण भार टाकणारा फरमार्क अर्धा तास लावायचा, तापमान बघायचं, पंख्याचा खरखर आवाज येतो का ते ऐकायचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी खोली केवढी तापते माहीतच आहे, जानेवारीत थंड वाटलेलं कार्ड मेमध्ये वेगळं वागतं. आणि बिल मागायचं. सीरियल नंबर बिलाशी जुळला तर उरलेल्या वॉरंटीची चौकशी करता येते.

सेवानिवृत्त_ओझर

आठ पिनांची केबल एसएमपीएसमधून थेट आलेली वापरा, जोडणी लावून नको.

कोलाज

मी थोडी विरुद्ध बाजूने बोलते. मीही आर्किटेक्ट, आठ जीबीवर तीन वर्षं काम करतेय, अगदी झाडाझुडपांसकट. चौकट, तुमची नऊ झाडं शिफ्ट-डी ने केलीत की ऑल्ट-डी ने? शिफ्ट-डी प्रत्येक झाडाची मेमरीत वेगळी प्रत करतं. ऑल्ट-डी ने एकच झाड मेमरीत राहतं, बाकीची फक्त त्याच्याकडे बोट दाखवतात. गवताचंही तेच. आणि लांबच्या भिंतीला फोर-के टेक्स्चर कशाला? टू-के पुरतं, मेमरी एक चतुर्थांश लागते. आधी सीन स्वच्छ करा, मग कार्ड ठरवा. नाहीतर बारा जीबीही असेच भरतील.

चौकट

शिफ्ट-डी. नऊच्या नऊ.

पिक्सेल_नाशिकरोड

कोलाज यांना पूर्ण अनुमोदन. ताई, मग असं करा. तो फार्महाऊसचा सीन पेनड्राइव्हवर घेऊन रविवारी या. दोन्ही कार्डांवर लावून बघू, अंदाज नकोच. माझं घरचं बोर्डही ३.० चंच आहे, त्यात ४०६० टाकून देतो, म्हणजे तुमच्या मशीनसारखंच होईल.

तर्रीबाज

आणि नंतर मिसळ?

पिक्सेल_नाशिकरोड

मिसळ आधी. उपाशीपोटी मोजमाप चुकतं.

चौकट

रविवारी जाऊन आले. भाऊही बरोबर होता. पिक्सेल दादांनी आणि वहिनींनी अख्खी सकाळ दिली, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. आता मोजलेलं सांगते.

सीन होता तसाच, शिफ्ट-डी च्या झाडांसकट: मेमरी ९.४ जीबी. ३०६० वर १४ मिनिटं. ४०६० वर चालला, थांबला नाही, पण ४१ मिनिटं लागली. पंखा मात्र शांत होता, कारण कार्ड बहुतेक वेळ माल यायची वाट बघत बसलेलं. पिक्सेल दादांनी टास्क मॅनेजर उघडून शेअर्ड मेमरीचा आलेख वर चढताना दाखवला, तेव्हा त्यांची आठ लेनची गोष्ट डोळ्यांना दिसली.

मग कोलाज यांचं ऐकून सगळी झाडं ऑल्ट-डी ने बदलली, मागच्या भिंती आणि रस्ता टू-के वर आणला. पाऊण तास लागला. सीन ७.१ जीबीवर आला. आता ३०६० वर १३ मिनिटं आणि ४०६० वर ९ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे कोलाज यांचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं.

इथे मी खरंच गोंधळले. परतताना गाडीत भाऊ गप्प, मीही गप्प. घरी येऊन माझ्या मशीनवर बघितलं. दोन मॉनिटर, ब्राउझरमध्ये ग्राहकाने पाठवलेले फोटो, एक पीडीएफ. काहीही रेंडर न करता ०.८ जीबी मेमरी गेलेली. ७.१ मध्ये ते मिळवलं की ७.९. त्यावर डीनॉइझर (रेंडरमधले ठिपके पुसणारा) लावायचा. आणि ग्राहक म्हणणार, "मॅडम, इकडे जरा एक कारंजं दाखवा ना." ते म्हणतातच.

इंटिरियर करत असते तर आज ४०६० घेतलं असतं. माझी अर्धी कामं अंगणाची, बागेची, द्राक्षाच्या मळ्यातल्या घराची आहेत. एका रेंडरमागे तीन-साडेतीन मिनिटं जास्त गेली तर मी चहा करून येते. पण रात्री अकराला सीन मावत नाही म्हणून झाडं उपटत बसायचं आणि सकाळी ग्राहकाकडे जायचं, हे मला आता नको. ३०६० घेते आहे.

कोलाज

हिशोब पटला. तरी ऑल्ट-डी सोडू नका.

मनमाड_जंक्शन

बारा म्हणजे बारा. पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

तर्रीबाज

दादा, तुम्ही गेमसाठी सांगितलं होतं! 

रात्रपाळी

मी रविवारी ३०६० वर माझा गेम लावून बघितला. १०८० पी, हाय सेटिंग, ७० च्या वर फ्रेम. एफएसआर ३ पण चाललं. मला चालेल. ताईने उरलेल्या पैशातून १४४ हर्ट्झचा मॉनिटर कबूल केलाय.

चौकट

अर्धे पैसे तुझे, असं कबूल केलंय.

पाटी_पेन्सिल

आमच्याकडे ४०६० आलं. मुलगा फक्त गेम खेळतो आणि त्याचे व्हिडिओ करतो. या कार्डात एव्ही१ एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) आहे आणि ३०६० मध्ये नाही, हे त्यानेच शोधून मला समजावलं. वर्गात एडाची गोष्ट सांगितली, एक मुलगी तास संपल्यावर थांबून बर्नुली संख्या म्हणजे काय ते विचारत होती. सातपूरकर, आता ते सोप्या भाषेत कसं सांगायचं तेही लिहा.

सातपूरकर

लिहितो मॅडम, वेगळा धागा काढून. दोन दिवस द्या.

चौकट

कार्ड काल बसवलं. जीपीयू-झेडमध्ये १९२ बिट, १२ जीबी, दोन्ही वाचलं. अर्धा तास फरमार्क, तापमान ७४ वर स्थिर. बिलावरचा सीरियल नंबर जुळला. फार्महाऊसचा व्ह्यू कारंज्यासकट सकाळी पाठवला.

सेवानिवृत्त_ओझर

अभिनंदन. बॅटरी?

चौकट

बॅटरी नाही काका, यूपीएसच बदलला. १००० व्हीए. रेंडर चालू ठेवून मेन स्विच बंद करून बघितला, अकरा मिनिटं टिकला.